रत्नागिरीच्या हवेत इंग्लिश बुलडॉग टिकेल का? काय काळजी घ्यावी लागते?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळ चिरेबंदी घर आहे, मागे बाग आहे आणि मुलांनी बुलडॉगचा हट्ट धरलाय. नागपूरच्या ४५ अंशांत लोक तो पाळतात, मग मे महिन्यातही चौतीसच्या वर क्वचितच जाणाऱ्या आपल्या गावात काय अडचण, असा तुमचा हिशोब.

हिशोब तिथेच चुकतोय. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. जिभेवरचा आणि नाकातला ओलावा सुकतो, त्याने रक्त गार होतं. आपल्याकडे मे महिन्यात दोरीवरचा पंचा संध्याकाळपर्यंत दमटच असतो. त्या हवेत जिभेवरचं पाणी कसं सुकणार?

त्यात बुलडॉगचं नाक-घसा मुळातच अधू. माणसाने तोंड आखूड करत नेलं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. नाकपुड्या बारीक फटीइतक्या अरुंद, मऊ टाळू लांबून घशात लोंबतो, श्वासनळीही बऱ्याचदा बारीक. जोरात धाप लागली की घसा सुजतो, सुजला की हवा कमी पडते, मग आणखी जोरात धाप. याला ऊनच लागतं असं नाही. पाहुणे आले म्हणून सावलीतल्या पडवीत दहा मिनिटं नाचला तरी पुरतं.

म्हणून माझं सरळ मत : एका खोलीत एसी लावणार असाल तरच घ्या. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी तो त्याच खोलीत, २४-२५ अंशांवर. कूलर घेऊ नका, तो इथे खोली आणखी दमट करतो. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज जाणारच. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, पण पंखा चालतो. तेव्हा पंख्याखाली लादी ओली करून त्याला तिथे झोपू द्यायचं. फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री, १५-२० मिनिटं, पट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसवर. आणि हो, तापलेला जांभा दगड चटकन निवत नाही. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पायही तिथे नकोत.

धापेचा आवाज घरघरीत झाला, जीभ रुंद होऊन जांभळट दिसली, लाळ चिकट फेसाळ झाली की वाट बघू नका. विहिरीचं किंवा नळाचं पाणी पोट, जांघा, छाती, पंजे यांवर ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, आतली उष्णता आतच कोंडते. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा : नेहमीचा १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतो. १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवा आणि डॉक्टरकडे न्या. उठून शेपटी हलवायला लागला तरी न्यायचंच. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं एक-दोन दिवसांनी दिसतं.

पावसाळ्यात मुख्य काम कातडीच्या वळ्यांचं. नाकावरची वळी अंगठ्याने वर उचला. कोमट पाण्यात पिळलेल्या गॉजने आत पुसा, मग कोरड्या गॉजने, दुसरा गॉज कोरडाच बाहेर येईपर्यंत. एरवी दिवसातून एकदा, जून ते सप्टेंबर दोनदा. आंबूस वास आणि तपकिरी चिकटा म्हणजे बुरशी लागली. डॉक्टर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे वाइप देतात, ते डोळ्यापासून दूर ठेवा. खोबरेल तेल, हळद, टाल्कम पावडर यातलं काही नको. तेलाने ओल कोंडते आणि पावडरीचे गोळे होतात. बहुतेकांना माहीत नसलेली जागा शेपटीच्या मुळाशी असते. तिथे बऱ्याच बुलडॉगना बोटाचं पेर जाईल एवढा खळगा असतो. कुत्रं ढुंगण घासत फिरायला लागलं की आधी तिथे बघा. लाल चिखलातून आल्यावर बोटांच्या बेचक्या धुऊन सुकवा, नाहीतर तिथे गळवं होतात. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळी आली तर ती सरकलेली अश्रुग्रंथी असते. कापून टाकू देऊ नका, ती पुन्हा जागेवर बसवता येते. कापली तर डोळा पुढे कोरडा पडण्याची भीती.

पावसाआधी लेप्टोची (उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) लस हवीच, पहिल्यांदा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी. गोचिडांवर तोंडाने द्यायची गोळी डॉक्टरांना विचारून चालू ठेवा.

मोठ्या नराचं वजन साधारण २५ किलो, मादीचं २३. नसबंदी झालेल्या, फारसं न फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला २६० ते ३०० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं, दोन वेळांत विभागून. भात आणि म्हावऱ्याचं कालवण वर घातलं की महिन्याभरात बरगड्या हाताला लागेनाशा होतात, आणि चरबी वाढली की श्वास आणखी अडतो. सोडे-सुकट खारट, तेही नको. आंब्याच्या दिवसांत कोयी आवारात पडू देऊ नका. हा चावत बसत नाही, गिळतो, आणि कोय आतड्यात अडकली की थेट ऑपरेशन.

समुद्र आणि विहीर दोन्हींपासून जपा. जड डोकं, आखूड पाय, त्यामुळे बहुतेक बुलडॉग पोहत नाहीत, बुडतात. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधा.

स्वभावाची भीती बाळगू नका. बैलावर सोडण्याच्या ज्या खेळासाठी ही जात घडली तो इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला, आणि नंतरच्या पैदाशीत आक्रमकपणा मुद्दाम काढला गेला. मुलांशी छान राहतो. बागेची राखण मात्र त्याच्याकडून होणार नाही, त्याला आपलं गावठी कुत्रंच बरं. काही ‘हिंस्र’ जातींवर बंदी आणायला केंद्राने २०२४ मध्ये काढलेल्या वादग्रस्त परिपत्रकात नाव होतं ते अमेरिकन बुलडॉगचं, ती जात वेगळी.

पिल्लू घेताना नाकपुड्या उघड्या दिसताहेत का बघा आणि ते झोपलेलं असताना श्वास ऐका. आई-बाप दाखवायला सांगा. त्यांना तीन मिनिटं दुडकं चालवा आणि मग घशाशी कान न्या. चार पावलांवरूनही घरघर ऐकू येत असेल तर ते पिल्लू घेऊ नका. आगाऊ पैसे देण्याआधी जवळच्या डॉक्टरांना एवढंच विचारा : बुलडॉगला भूल देता का, आणि तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वासाची नळी घशात ठेवता का? उत्तर गुळमुळीत आलं, तर नसबंदीसाठीसुद्धा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागेल. ते पहाटे, गाडीचा एसी चालू ठेवून.