क्रूझवरचं बसून जेवण टाळायचं का? ज्यांच्यासाठी टाळताय, त्यांनाच आधी एकदा बसवून बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ, सोबत बायको, ९ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. डायनिंग रूममध्ये रोज रात्री आठची वेळ लागली आहे, त्यातली एक रात्र 'फॉर्मल'. बाबा म्हणतात सूट घालणार नाही, आई पूर्ण शाकाहारी, काट्याचमच्यांची दोघांनाही धास्ती. तेव्हा त्या हॉलचा नादच सोडून चारही रात्री बुफेत जेवावं का?

माझं मत: आत्ता कोल्हापुरात बसून चारही रात्रींचा निकाल लावू नका. पहिल्या रात्री सगळे जा. त्यानंतर टाळायचं असेल तर खुशाल टाळा. आणि आई-बाबांसाठी म्हणून टाळत असाल, तर हिशेब उलटा होतोय.

हे मी आमच्या सासूबाईंवरून सांगते. त्या गळ्यात माळ असलेल्या, वारी केलेल्या. आमची पहिली क्रूझ मुंबई-गोव्याची. तिथं सगळे आपलेच लोक, जैन जेवणसुद्धा मिळतं, त्यामुळं पंगतीचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. दुसऱ्या वेळी सिंगापूरहून मोठ्या बोटीवर गेलो, तेव्हा मीसुद्धा तुमच्यासारखंच ठरवलं होतं. म्हटलं, सासूबाईंना त्या झुंबराखाली नेऊन उगाच अवघडायला नको, आपलं बुफे बरं.

पहिल्या रात्री बुफेत गेलो. चार हजारांवर माणसं असलेली बोट, त्यातले निम्मे त्या वेळी तिथंच. काउंटरवर डाळ दिसली, शेजारीच चिकन करी, आणि एका गृहस्थांनी आमच्या डोळ्यांदेखत चिकनचा डाव उचलून डाळीत बुडवला. सासूबाईंनी ताट तसंच खाली ठेवलं. मग फळं घ्यायला निघाल्या तर बोट जराशी कलली. एका हातात बशी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास, धरायला हात नाही. सूनबाई म्हणून मी धावले, पण कलिंगड आधीच गालिच्यावर पोचलं होतं. रात्री केबिनमध्ये त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. (घरचा डबा बोटीवर न्यायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. तो कसा गेला ते मला विचारू नका. कंपनीच्या पाकिटातला सीलबंद फराळ न्या, त्याला सहसा कुणी अडवत नाही.)

दुसऱ्या दिवशी नाइलाजानं डायनिंग रूममध्ये गेलो. तिथला वेटर निघाला मडगावचा. त्यानं सासूबाईंना 'आजी' म्हणून हाक मारली, खुर्ची मागं घेतली आणि विचारलं, कांदा-लसूण चालतं का? त्या मला हळूच म्हणाल्या, "अगं, ह्यो वाढपी बरा हाय." तो रोज रात्री जेवण झालं की उद्याचं विचारायचा, नोंदवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं ताट स्वयंपाकघरातून वेगळं भरून यायचं. तिसऱ्या रात्री तर आम्ही बसायच्या आत त्यांच्या जागेवर एका वाटीत चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि मीठ ठेवलेलं. आदल्या दिवशी त्यांनी एकदाच मागितलं होतं.

शाकाहारी माणसाला बुफे सोपा आणि डायनिंग रूम अवघड, असं आपल्याला वाटतं, कारण बुफेत समोर दिसतं आणि निवडता येतं. पण निवडायला मिळतं म्हणजे मनासारखं मिळतं असं नाही. बसून जेवताना तुमच्यासाठी विचारपूस करणारा एक माणूस असतो, आणि बहुतेक मोठ्या बोटींवर हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर साधी डाळ, भात, एखादी भाजी मिळते. कारण सरळ आहे, स्वयंपाकघरात आणि वाढायला आपल्या देशातली पुष्कळ मुलं असतात. स्वयंपाकघर मात्र एकच असतं, हे आईंना आधी सांगून ठेवा. भांडीकुंडी वेगळी हवीत इतकं कडक असेल, किंवा जैन पद्धतीचं हवं असेल, तर बुकिंग करतानाच कळवा. बोटीवर चढल्यावर सांगून सगळं जमेल असं नाही.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. बुफे सहसा वरच्या मजल्यावर असतो, पोहण्याच्या तलावाच्या आसपास. डायनिंग रूम खाली. स्पेक्ट्रम ऑफ द सीज या मोठ्या बोटीचं उदाहरण घ्या, बुफे चौदाव्या डेकवर आणि मुख्य जेवणाचे हॉल तिसऱ्या-चौथ्यावर. बोट डुलते तेव्हा वरचा मजला जास्त हलतो, खालचा कमी. ज्यांना एसटीत घाट लागतो, त्यांना हा फरक पानावर बसल्याबसल्या कळतो. वर बुफेत ताट घेऊन फिरायचं, टेबल शोधायचं, एकाला वरण मिळेपर्यंत दुसऱ्याचा भात गार. आपल्या लग्नांत पंगती जाऊन बुफे आले, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी कुठल्यातरी खांबाला टेकून ताट तोंडापाशी धरलेलं आपण बघतोच की.

आता कपड्यांचं. 'फॉर्मल' शब्दाला घाबरू नका. सिंगापूरहून सुटणाऱ्या ३-४ रात्रींच्या फेऱ्यांवर ही रात्र असली तर एखादीच, ७ रात्रींवर साधारण दोन, आणि सहसा बोट दिवसभर समुद्रातच असते त्या दिवशी ठेवतात. इतर रात्री साधी पँट-शर्ट, पंजाबी ड्रेस चालतो. फॉर्मल रात्रीही सूटच हवा असं नाही, तुमचा देशी पोशाख चालतो. नेहरू शर्ट, त्यावर जाकीट, नाहीतर जोधपुरी कोट. यांनी पहिल्या वेळी लग्नातला सूट नेला होता. पोटाचं बटण लागेना म्हणून पूर्ण जेवणभर कोट उघडा ठेवून, टाय मात्र करकचून बांधून बसले होते. पुढच्या वेळी पांढरा झब्बा-पायजमा आणि वर काळं जाकीट घातलं, तर दोन जोडप्यांनी फोटोसाठी थांबवलं. सासूबाईंच्या इरकलीपुढं तर बाकीच्या बायकांचे गाऊन फिके होते. बाबांना सांगा, सूट घरीच राहू दे. फक्त इस्त्री सोबत घेऊ नका, केबिनमध्ये आग लागू नये म्हणून इस्त्री, पाणी तापवायचा रॉड असल्या वस्तू बोटीवर चढतानाच काढून घेतात. कपडे इस्त्रीला तिथं देता येतात, पैसे पडतात. न चुरगळणारं कापड न्या म्हणजे झालं.

हे सगळ्याच कंपन्यांना लागू नाही बरं. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० सालीच ठरलेली वेळ आणि फॉर्मल कपड्यांची सक्ती दोन्ही काढून टाकली. उलट क्युनार्डच्या क्वीन मेरी २ सारख्या बोटीवर संध्याकाळी सहानंतर बहुतेक जागी कपड्यांचे नियम असतात आणि गाला, म्हणजे खास थाटाच्या रात्री ते आणखी कडक होतात. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि अशा मोजक्या जागा उरतात. तिथं जाणाऱ्याला तोच थाट हवा असतो. तुमच्या फेरीचं कपड्यांचं वेळापत्रक कंपनीच्या ॲपमध्ये बघा, नाहीतर बोटीवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं.

पैशाचंही सांगते, कारण 'जेवलो नाही तर थोडे कमी होतील का' हा आपला प्रश्न असतोच. नाही होत. डायनिंग रूम आणि बुफे दोन्ही तिकिटातच आहेत. रोजची टीपसुद्धा (अमेरिकी मोठ्या कंपन्यांवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर) बिलावर आपोआप चढते, तुम्ही कुठंही जेवा. हॉलमध्ये दोन स्टार्टर मागवले किंवा आवडलं नाही म्हणून दुसरं मागवलं, तरी बहुधा जादा पैसे नाहीत. एखाद्या महागड्या पदार्थाची दुसरी प्लेट, तिसरी मुख्य डिश अशाला काही कंपन्या घेतात. मांसाहारी मंडळींना एक इशारा: फॉर्मल रात्रीच्या लॉबस्टरचं फार कौतुक ऐकाल. आमच्या यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "ह्याला तांबडा रस्सा पाहिजे होता." पुढं काही बोलले नाहीत.

मग टाळायचं कधी? बोट बंदरावर असते त्या दिवशी. फुकेतला दिवसभर उन्हात हिंडून, छोट्या होडीतून बोटीवर परत येऊन, अंगाला रेती चिकटलेली असताना आठच्या पंगतीला तयार होऊन बसणं ही शिक्षाच. त्या रात्री वर जाऊन गरम सूप आणि भात खा आणि झोपा. दुसरं कारण तुमचा मुलगा. जेवण दीड तास तरी चालतं. नऊ वर्षांच्या पोराला पहिला अर्धा तास बरा जातो, मग तो टेबलाखाली. वेटरला बसल्याबसल्या सांगा, याचं आधी आणा. तरी जमलं नाही तर तुम्ही दोघांपैकी एकानं त्याला घेऊन उठा, दुसऱ्यानं आई-बाबांसोबत बसा. संध्याकाळी मुलांसाठी खेळाची खोली असते, तिथंही सोडता येतं. पाचही जणांनी रोज एकत्रच जेवलं पाहिजे असा कुठं नियम आहे? घरी तरी जेवता का?

वेळेचं सांगायचं तर, पंगती दोन असतात कारण एवढी माणसं हॉलमध्ये एकदम मावत नाहीत. पहिली साडेपाच-सहाच्या सुमाराला, दुसरी आठच्या आसपास. आपल्याला दुसरीच बरी. पण आठही जाचक वाटत असेल तर 'कधीही या' असा पर्याय बऱ्याच कंपन्या देतात, ॲपमधून आधीच बदलून मागता येतो. आधी जमलं नाही तर चढल्या दिवशी दुपारीच डायनिंग रूमच्या दाराशी जाऊन हेड वेटरला भेटा. 'कधीही या'मध्ये एकच तोटा, रोज वेटर बदलू शकतो आणि मिरच्यांची वाटी आपोआप येत नाही. पहिल्या रात्रीचा वेटर आवडला तर दारात त्याचंच टेबल मागा. टेबल परक्यांबरोबर असेल आणि आईंना अवघड वाटत असेल, तर तेही तिथंच बदलून घ्या.

आणि एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. तिसऱ्या क्रूझवर एका रात्री आम्ही न सांगताच बुफेत जेवलो. दमलो होतो, कुणाला फोन करायचा कंटाळा. दुसऱ्या दिवशी वेटर म्हणाला, काल आजींसाठी मुगाची डाळ आणि भेंडी करून ठेवली होती, साडेआठपर्यंत वाट बघितली. तक्रारीचा सूर नव्हता, हेच जास्त लागलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "पानावर बोलवून आपण गेलो न्हाई," एवढंच म्हणाल्या. तेव्हा जायचं नसेल तर आदल्या रात्री सांगा. तो खूश होतो, त्यालाही एक टेबल कमी.

काट्याचमच्यांचं विसरूनच जा. बाहेरून आत वापरत जायचे, संपलं. सासूबाई सरळ हातानं जेवल्या, जेवण झाल्यावर कोमट पाणी आणि लिंबू मागितलं, तो घेऊन आला. शेजारच्या टेबलावरच्या बाई बघत होत्या, पण त्या इरकलीच्या काठाकडं.

आमच्या एका क्रूझवर फॉर्मल रात्र नेमकी एकादशीला आली. सगळा हॉल झगमगलेला, आमच्या टेबलावर कोळंबी, आणि सासूबाईंपुढं उकडलेले बटाटे, वर लोणी, जिरं, मिरची, बाजूला पपई आणि केळी. यांची कोळंबी त्यांच्या ताटाशेजारी नको म्हणून मी मध्ये बसले होते. मी म्हटलं, आई, आज आपण वर जाऊया का? म्हणाल्या, "का? मी काय चोरून खातीय का?" आणि मिष्टान्नाची थाळी घेऊन वेटर नाचत आले तेव्हा सगळ्यांबरोबर रुमाल फिरवायला लागल्या.

शेवटचं, बाबांच्या पायांतलं. झब्ब्याखाली कोल्हापुरी चालते का विचारलंय. काही बोटींचे नियम पुरुषांनी सँडल घालू नयेत म्हणतात, तो रोख बहुधा रबरी स्लिपरवर असतो. आमच्या यांना तीनदा कुणी अडवलं नाही, पण क्युनार्डवर मी ती जोखीम घेणार नाही, एक बूट बॅगेत असू दे. मात्र बाबांची जोडी करकर वाजणारी असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, खाली सगळीकडं जाड गालिचा असतो. आवाज अजिबात येत नाही.