टूर कंपनीशिवाय बीजिंग आणि शिआन: संग्रहालयांची तिकिटं, बंद दिवस आणि क्रम कसा लावावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, मे महिन्याच्या सुट्टीत आई-वडिलांना घेऊन बीजिंग आणि शिआनला जायचं आहे, सोबत टूर कंपनी नाही आणि मुख्य ओढ संग्रहालयांची व जुन्या वास्तूंची आहे; तर तिकिटं जागेवर मिळतील का आणि किती दिवस ठेवावेत?

जागेवर मिळतील या भरवशावर अजिबात जाऊ नका. चीनमध्ये मोठ्या संग्रहालयांचं तिकीट स्वस्त, कित्येकदा फुकटही असतं. पण रोज किती माणसं आत सोडायची याची मर्यादा ठरलेली असते आणि प्रत्येक तिकीट पासपोर्ट क्रमांकाला जोडलेलं असतं. त्यामुळे आधी आरक्षणं कधी खुली होतात ते पाहा, मग दिवस ठरवा आणि हॉटेल व रेल्वे सगळ्यात शेवटी.

१ ते ५ मे तिथे कामगार दिनाची सुट्टी असते आणि सगळा देश बाहेर पडतो. तुमची सहल ७-८ मेनंतर सुरू करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा. हे दोन्ही काळ टाळण्यासारखेच. आपली दिवाळीची सुट्टी मात्र त्या गर्दीनंतर येते आणि हवाही छान असते. आई-वडील चालणारे असतील तर मी मेपेक्षा दिवाळीच सुचवेन.

दुसरी गोष्ट सोमवारची. बीजिंगची निषिद्ध नगरी (सम्राटांचा जुना राजवाडा), तिथलं राष्ट्रीय संग्रहालय आणि शिआनचं शान्शी इतिहास संग्रहालय, तिन्ही सोमवारी बंद असतात (सरकारी सुट्टी आली तर अपवाद). बीजिंगमधला सोमवार चीनच्या भिंतीच्या मुतियान्यू भागासाठी ठेवा. शिआनमध्ये आलाच तर मातीच्या सैनिकांकडे (पहिल्या चिनी सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेली 'टेराकोटा आर्मी') जा, ते संग्रहालय रोज खुलं असतं.

निषिद्ध नगरीचं आरक्षण ७ दिवस आधी, बीजिंगच्या रात्री ८ वाजता खुलं होतं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, थंडीत ४०. नाव पासपोर्टवर आहे तसंच, इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरा. आपल्या पासपोर्ट क्रमांकात पहिलं एकच अक्षर, बाकी सगळे आकडे. त्यात शून्याच्या जागी 'ओ' पडला की दारात यंत्र नाव दाखवत नाही आणि रांगेत कोणी दुरुस्तही करून देत नाही. म्हणून सगळ्यांचे तपशील आधीच एका ठिकाणी लिहून ठेवा, साडेपाचला टाइप करत बसू नका. पैसे भरायला अलीपे किंवा वीचॅट या चिनी मोबाईल अ‍ॅपला आपलं व्हिसा वा मास्टरकार्ड निघण्यापूर्वीच जोडा, आणि बँकेत कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या. अलीपेवर २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहाराला परदेशी कार्डावर ३ टक्के शुल्क लागतं. दारात मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. स्वयंचलित दारं चिनी ओळखपत्रासाठी असतात, तुम्ही कर्मचारी बसलेल्या रांगेत उभे राहा.

प्रवेश फक्त दक्षिणेच्या वू-मेन दारातून आहे. टॅक्सीवाल्याला उत्तर दार सांगितलंत तर अख्ख्या राजवाड्याला वळसा पडेल. त्यात दक्षिणेच्या तियानानमेन चौकातून यायचं ठरवलंत तर चौकाचं आरक्षण वेगळं आणि सुरक्षा तपासणीही वेगळी. आई-वडील सोबत असताना पूर्वेच्या दोंगह्वामेनच्या बाजूने खंदकाकाठी चालत या.

आत गेल्यावर बहुतेक लोक मधल्या अक्षावरून सरळ उत्तरेला चालत जातात, तीन भव्य दालनांत दुरून डोकावतात आणि 'आत काहीच नाही' म्हणत बाहेर पडतात. त्याला कारण आहे: इथला संग्रह जपानी आक्रमणाच्या भीतीने १९३३ पासून हलवला गेला आणि त्यातला निवडक भाग १९४८-४९ मध्ये तैवानला गेला. तरीही जे उरलं ते थोडंथोडकं नाही, फक्त ते बाजूच्या महालांत आहे. ईशान्य कोपऱ्यातल्या खजिना दालनाचं १० युआनचं वेगळं तिकीट आरक्षण करतानाच घ्या. तिथेच नऊ ड्रॅगनची चकचकीत रंगीत कौलांची भिंत आहे. बाहेर पडताना उत्तर दारासमोरच्या जिंगशान टेकडीवर चढा. सगळ्या पिवळ्या छपरांचा आराखडा तिथून कळतो.

शिआनमध्ये शान्शी इतिहास संग्रहालयाचं फुकट तिकीट मिळवणं सगळ्यात कठीण. नाही मिळालं तर दलालाला पैसे देऊ नका. त्याऐवजी छोट्या हंस पॅगोडाच्या आवारातलं शिआन संग्रहालय घ्या (ते मंगळवारी बंद), आणि शिलालेखांचं 'बेइलिन' तर चुकवूच नका. ८३७ साली कोरून पूर्ण झालेले कन्फ्यूशियन ग्रंथ तिथे शिळांवर उभे आहेत. आणि ७८१ सालची एक शिळा आहे, जिच्यावर चिनी मजकुराबरोबर सीरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या लिपीतल्या ओळी आहेत. मराठी माणसाने मोठा हंस पॅगोडाही पाहावा: युआन श्वांग (ह्युएन त्संग) या चिनी बौद्ध भिक्षूने भारतातून नेलेले ग्रंथ जतन करायला तो ६५२ साली बांधला, आणि हाच युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता.

मातीच्या सैनिकांसाठी (१२० युआन) मेट्रोच्या ९ नंबर लाईनने ह्वाछिंगछी स्थानक, तिथून बस. 'आज बस बंद आहे' म्हणणाऱ्यांच्या गाडीत बसू नका, ते भलत्याच दुकानात नेतात. सकाळी सगळे गट आधी उत्खननाच्या १ नंबरच्या खड्ड्यात शिरतात, म्हणून तुम्ही २ पासून सुरू करा. तिथे काचेच्या पेटीत गुडघा टेकलेला धनुर्धर आहे. त्याच्या मागे जा आणि बुटाचा तळ पाहा: शिवणीचा एकेक टाका कोरलेला आहे, पुढे-मागे दाट, मध्ये विरळ. हे सगळे सैनिक मूळचे रंगीत होते. बाहेरच्या कोरड्या हवेत खालचा लाखेचा थर काही मिनिटांत आक्रसतो आणि रंग घेऊन गळून पडतो. म्हणूनच बरीचशी जमीन अजून मुद्दाम न खोदता ठेवली आहे. आणि याच समाधीजवळ सापडलेले ब्राँझचे दोन रथ आता इथे नाहीत! ते २०२१ पासून समाधीच्या लिशान उद्यानातल्या स्वतंत्र संग्रहालयात आहेत. त्याच तिकिटात, फुकट बसने. कित्येक जण ते न बघताच परततात.

दोन्ही शहरांना मिळून प्रवासासकट ८ दिवस ठेवा, आणि एका दिवशी एकच मोठं ठिकाण. गूगल मॅप्स तिथे चिनी नकाशाप्रणालीमुळे काहीशे मीटर चुकतो, म्हणून गाओदे कंपनीचं अ‍ॅमॅप हे नकाशाचं अ‍ॅप घ्या. बीजिंग-शिआन प्रवास वेगवान रेल्वेने करा, साधारण साडेचार ते सहा तास लागतात. विमानाने जाणार असाल तर तुमची पॉवर बँक बघा: जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' हा चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि आपल्याकडे विकत घेतलेल्या बहुतेकांवर तो नसतो.