पहिल्या लशीला ताप आला, आता दुसरी द्यावी का?

प्रश्न : माझा मुलगा चार महिन्यांचा होत आला. आम्ही यावल तालुक्यात राहतो. दीड महिन्याचा असताना अंगणवाडीत पेंटाचं पहिलं इंजेक्शन दिलं. त्या रात्री १०१ ताप आला, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली. सासूबाई म्हणाल्या, "खेळतं पोर आजारी करून आणलं. आम्ही काय टोचून मोठे झालो?" मग पुढचे डोस राहूनच गेले. जळगावची नणंद म्हणते, सरकारी नको, खासगीत ताप न येणारी लस मिळते. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

उत्तर : ताई, पहिल्यापासून काहीही करायचं नाही. हे आधी सांगते, कारण "बाई रागावतील, सगळं परत टोचतील" या धास्तीनंच कितीतरी आया लसीकरणाच्या दिवशी घरी बसतात. दिलेला डोस वाया जात नाही. दुसरा येत्या सत्राला द्या, तिसरा त्यानंतर चार आठवड्यांनी.

आता तापाचं. पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) अशा पाच आजारांवरची लस असते. ताप येतो तो बहुतेक डांग्या खोकल्याच्या भागामुळे, कारण त्यात ते जंतू मारून अख्खे घातलेले असतात. एक-दोन दिवसांत ताप उतरतो. गाठ काही आठवडे राहू शकते. ती चोळू नका, शेकू नका, बिब्बा तर अजिबात लावू नका. गार पाण्याची घडी पुरते. तापाचं औषध सिस्टर वजनाप्रमाणे सांगतील तेवढंच द्या. माझ्या मुलीलाही असाच ताप आला होता. मी डॉक्टर, तरी रात्री तीनदा उठून तिच्या कपाळाला हात लावला. तुमची ती रात्र मला कळते.

पण दुसरी रात्रही मी पाहिली आहे. अमळनेरला नवीन असताना तीन महिन्यांची एक मुलगी आली, एकही लस न घेतलेली. डांग्या खोकला. उबळ आली की खोकून खोकून श्वास घ्यायला उसंत नाही, ओठ जांभळे, शेवटी उलटी. प्रत्येक उबळीला तिची आई स्वतःचाही श्वास धरून बसायची. एवढ्या लहान बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून तर ही लस दीड महिन्यापासून देतात. तुमचं बाळ आज त्याच वयात आहे, आणि त्याच्याजवळ एकच डोस आहे.

नणंदबाई म्हणतात त्या लशीत जंतूचे निवडक भागच असतात, त्यामुळे ताप कमी येतो हे खरं. पण तिचं संरक्षण तुलनेनं लवकर ओसरतं. सरकारी लस हलकी नाही. आपल्याकडच्या उन्हाची शंका असेल तर सिस्टरना बाटली दाखवायला सांगा : तिच्यावरच्या खुणेत गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट असला की लस उष्णतेनं बिघडलेली नाही.

मागच्या वेळी झटका आला होता का, बाळ लुळं पडलं होतं का, तीन तासांहून जास्त एकसारखं रडत होतं का? तसं असेल तर डोसच्या आधी डॉक्टरांना दाखवा. नुसता ताप आणि गाठ असेल तर थांबू नका. साधी सर्दी असली तरी न्या.

आणि सासूबाईंना सोबत घेऊन जा. त्या पन्नाशीच्या पुढच्या असतील तर त्यांच्या हातावर गोल वण आहे का, ते प्रेमानं बघा. तो देवीच्या लशीचा. त्यांच्या आईनंही कधीतरी त्यांना असंच मांडीवर धरून टोचून घेतलं असेल. कार्ड मात्र विसरू नका, पुढची तारीख त्यावरच लिहून मिळेल.