मोठ्या वयात एडीएचडीची तपासणी : कोणाकडे जावे, काय घेऊन जावे?

प्रश्न : माझे वय 37 वर्षे असून मी वडोदऱ्यातील एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम पाहते. जीएसटीचे विवरणपत्र 20 तारखेच्या रात्रीपर्यंत लांबवणे, समोरचा बोलत असताना मन भलतीकडेच जाणे, हे माझे लहानपणापासूनचे आहे. मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) असल्याचे निदान झाले, तेव्हा त्याची प्रश्नावली भरताना मी जणू स्वतःचेच वर्णन लिहीत होते. मात्र एका रुग्णालयात ‘तुम्ही बी.कॉम. आहात, नोकरी करता, हा लहान मुलांचा आजार आहे’ असे सांगून मला चिंतेवरच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल मागितला, तर तो देणाऱ्या केंद्रात 18 वर्षांवरील कोणालाच तपासत नाहीत. ऑनलाइन डॉक्टरांनी औषध लिहून देण्यास नकार दिला. आता काय करावे?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : आपल्याला पहिल्या ठिकाणी दिलेले कारण टिकणारे नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-5 या निदानसंहितेत 17 वर्षे व त्यापुढील व्यक्तींचा स्वतंत्र विचार आहे : अवधानाच्या अभावाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावीत (मुलांसाठी सहा), त्यांतील काही वयाच्या 12 वर्षांपूर्वी दिसलेली असावीत आणि त्यांचा त्रास घर व नोकरी अशा किमान दोन ठिकाणी होत असावा. पदवी मिळाली म्हणजे निदान बाद, असे त्यात कोठेही नाही. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुली तर शिक्षकांच्या नजरेतून सहज सुटतात. शिवाय हा विकार अनेकदा कुटुंबात चालत येतो, त्यामुळे आपली शंका रास्त आहे.

एडीएचडी ठरवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. प्रश्नावलीतील गुण केवळ संशयाला जागा देतात आणि खरे निदान सविस्तर मुलाखतीतूनच होते. गर्दीच्या ओपीडीत ती पाच मिनिटांत उरकणे शक्य नसते, म्हणून पुरावा आपणच गोळा करून न्यावा. शाळेची जुनी प्रगतिपुस्तके शोधावीत. त्यांत ‘हुशार आहे, पण धांदरट’ यासारखा एखादा शेरा सापडला, तर तो फार मोलाचा ठरतो. आईला बरोबर न्यावे, पण आधी तिच्याशी बोलून ठेवावे, नाहीतर डॉक्टर गुजरातीत विचारतील आणि ती ‘अगदी गुणी मुलगी होती हो’ एवढे सांगून मोकळी होईल. छत्र्या आणि कंपासपेट्या किती हरवल्या, दप्तर रोज कोण भरून देत असे, गृहपाठाला शेजारी कोणाला बसावे लागे, हे तिने सांगितले पाहिजे.

चिंता, नैराश्य, थायरॉइडचे विकार आणि अपुरी झोप यांमुळेही लक्ष विस्कटते, त्यामुळे त्यांचा विचार करणारे डॉक्टर चुकत नाहीत. चूक आहे ती बालपणाविषयी न विचारण्यात. त्या रुग्णालयातून आपले कागद मागून घ्यावेत, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 25 नुसार तो आपला हक्क आहे.

एडीएचडीचे निदान मनोविकारतज्ज्ञ स्वतः करू शकतात. मानसशास्त्रज्ञांच्या अहवालाची मदत होते, पण तो नाही म्हणून दार बंद होण्याचे कारण नाही. असा अहवाल घ्यायचाच असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडावेत. सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय हे आपल्या शहरातील सरकारी पर्याय आहेत. कोठेही जाण्यापूर्वी प्रौढांची एडीएचडी तपासणी होते का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

ऑनलाइन डॉक्टरांचा नकार मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधापुरता असेल, तर तो नियमाला धरूनच होता. हे औषध परिशिष्ट एक्स या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते आणि 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते दूरस्थ सल्ल्यातून लिहिता येत नाही. समक्ष तपासणीनंतरच दोन प्रतींत चिठ्ठी मिळते आणि एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो. मुलाचे औषध घरात असेल, तर ‘एक घेऊन पाहू’ हा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण प्रौढांना ते सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, नाडी आणि हृदयविकाराचा पूर्वेतिहास तपासावा लागतो.