चामड्यावर साळिंदराच्या काट्यांचे भरतकाम

प्रश्न : मी हौसेने चामड्याच्या पिशव्या, पट्टे आणि सुरीची म्याने हाताने शिवतो. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या जुन्या वस्तूंवरील साळिंदराच्या काट्यांचे रंगीत भरतकाम पाहिल्यापासून ते शिकण्याची ओढ लागली आहे. काटे मिळवून एका म्यानावर प्रयत्न केला; परंतु काटे दुमडताना तडकतात आणि जाड चामड्यात सुई शिरत नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : चामड्याची अडचण आधी सोडवू या, कारण म्यानासाठी वापरतात ते झाडाच्या सालीने कमावलेले टणक चामडे या कामाला मुळीच सोयीचे नाही. लकोटा, शायेन, क्री आदी समाजांतील स्त्रियांनी हे काम प्रामुख्याने जनावराच्या मेंदूने कमावलेल्या मऊ, सच्छिद्र कातड्यावर केले, आणि त्याचे कारण टाक्यातच आहे. येथे टाका चामड्याच्या आरपार जात नाही. तो वरच्या अर्ध्या जाडीतूनच आडवा सरकतो आणि मागच्या बाजूस दिसत नाही. टणक चामड्यात असा टाका घालणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून हरणाच्या मऊ कातड्याच्या तुकड्यावर भरतकाम पूर्ण करावे आणि तो तुकडा म्यानावर शिवावा. न कमावलेल्या कच्च्या चामड्याच्या अरुंद पट्ट्यांभोवती काटे गुंडाळण्याची जुनी पद्धतही आहे; तिच्यात टाके फार थोडे लागतात.

काटे उत्तर अमेरिकेतील साळिंदराचेच हवेत. आशिया-आफ्रिकेतील साळिंदराचे लांब, जाड काटे दाबून चपटे होत नाहीत. अमेरिकेतील प्राण्याच्या अंगावर सुमारे ३०,००० काटे असतात आणि त्यांची जाडी जागेनुसार बदलते : शेपटीचे जाडजूड काटे गुंडाळण्याच्या कामाला येतात, तर बारीक रेघांसाठी मानेचे आणि पोटाकडचे नाजूक काटे निवडतात. प्रथम ते साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तेलकटपणा काढावा, कारण त्याशिवाय रंग नीट धरत नाही, आणि मग जाडीनुसार वेगवेगळे ठेवावेत. हे निवडणे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. पट्टीची कड सरळ येणे त्यावरच अवलंबून असते. काट्याच्या काळ्या टोकावर उलट्या दिशेचे सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे बोटात शिरलेला काटा आत आत सरकत जातो. ते टोक कापून टाकावे आणि कापलेले तुकडे ताबडतोब एखाद्या डबीत बंद करावेत.

काटे तडकतात ते कोरडे असल्यामुळे. काटा केराटिनचा, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचा असतो आणि पाण्याने नरम पडतो. कोमट पाण्यात भिजवलेला काटा बोटांत वाकवला असता सहज वळला, की तो तयार झाला असे समजावे. फार वेळ भिजवल्यास तो गिजगिजीत होऊन फाटतो. जुन्या कारागीर स्त्रिया काटे तोंडात धरून ओले ठेवत आणि दातांमधून ओढून चपटे करीत. आज रासायनिक रंग लावलेल्या काट्यांच्या बाबतीत तसे करू नये. नखाने किंवा चमच्याच्या गुळगुळीत कडेने दाबत नेले तरी पुरते. एका वेळी थोडेच काटे भिजवावेत.

पहिला नमुना म्हणून केवळ एक सरळ पट्टी घ्यावी. कातड्यावर काट्याच्या रुंदीच्या दुपटी-तिपटीइतक्या अंतरावर दोन समांतर रेघा आखाव्यात आणि प्रत्येक रेघेसाठी वेगळा धागा घ्यावा. पूर्वी जनावराच्या पाठीच्या कंडरेचे तंतू वापरीत. मेण लावलेला बारीक, मजबूत धागाही चालतो. काट्याचे एक टोक वरच्या रेघेवर टाक्याखाली दाबावे, काटा तिरपा खाली आणून खालच्या रेघेवर टाका घालावा आणि त्या टाक्यावरून काटा दुमडून पुन्हा वर न्यावा. घडीखाली धागा झाकला जातो आणि दातेरी पट्टी उमटत जाते. काटा संपत आला की नव्याचे टोक त्याच घडीखाली दडवावे. काटा वाळताना घट्ट बसतो, त्यामुळे ओला असतानाच टाका ताणून घ्यावा. मागाहून ताणल्यास घडीवर चीर जाते.

नक्षीबाबत एक आग्रह आहे. लकोटा परंपरेत ही कला स्वप्नात येणाऱ्या ‘दुहेरी स्त्री’ची देणगी मानली जाते, तर शायेन स्त्रियांमध्ये या कामाचे स्वतंत्र मंडळ असे आणि काही वस्तू व्रत म्हणून भरल्या जात. एखाद्या समाजाची खास चिन्हे उचलण्यापेक्षा साधे पट्टे, त्रिकोण आणि चौकटी यांतून आपली रचना करावी.

प्रश्न : तयार वस्तू विकता येतील का? त्या टिकवाव्यात कशा?

उत्तर : अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, मूलनिवासी नसलेल्या व्यक्तीने बनवलेली वस्तू ‘मूलनिवासींनी बनवलेली’ असे सांगून विकणे गुन्हा आहे, म्हणून विकताना ती आपण स्वतः केली असल्याचे स्पष्ट लिहावे. काट्यांना कसर आणि चामडे खाणारे किडे लागतात, तसेच उन्हाने रंग उडतात, म्हणून वस्तू अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवून अधूनमधून तपासावी. भरतकाम घडीवर येईल अशा रीतीने पिशवी कधीही दुमडू नये.