खिडकीतला कप

प्रिय चिऊ,

परवा शाळेतून आल्या आल्या तू विचारलंस आणि मी भांडी लावायचं निमित्त करून टाळलं. "आजीकडे मावशींचा कप वेगळा का? हे मराठी लोकांचं असतं का? आणि तू तिथे काहीच का बोलली नाहीस?" तुम्हाला वर्गात 'हकलबरी फिन' ही मार्क ट्वेनची कादंबरी लावलीय, त्यातून हे निघालं, हे कळलं मला. "हक तर अडाणी होता, आजी शिक्षिका होती," हे तू वर ऐकवलंस, ते जरा लागलं. समोरासमोर बोलायला गेले की मी आजीचा वकील होते, म्हणून लिहिते आहे. रविवारच्या मराठी शाळेच्या जिवावर वाच. अडलं तर विचार.

आधी ठाण्याचं सांगते. तू पाहिलेलं घोडबंदर रोडवरचं नव्हे, माझ्या लहानपणचं. आम्ही नौपाड्यात घंटाळीजवळ राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि मागे गॅलरी. गॅलरीच्या खिडकीत, गजांच्या आत, एक कान तुटलेला कप पालथा असायचा. धुणंभांडी झाली की मावशी तो सुलटा करून पुढे धरायच्या, आजी वरून चहा ओतायची. पिऊन झाला की मावशीच विसळून परत पालथा घालायच्या. हे इतकं रोजचं होतं की कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. मावशींची जात कोणती, हे आमच्या घरात कधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायची गरजच नव्हती, कप होता ना.

मी दहा वर्षांची होते. मे महिना, आजी कौपिनेश्वराला गेलेली. मावशी पाणी मागायला आल्या आणि कप सापडेना, बहुतेक मांजराने खाली पाडला होता. मी फळीवरचा पेला घेतला. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून घेतात, तुला माहीत आहे, त्या पेल्यावर आजोबांचं नाव होतं, ठिपक्याठिपक्यांचं. मावशींनी नाव पाहिलं असेल नसेल, वाचता येत नव्हतं त्यांना, पण पेला कुणाचा ते बरोबर कळलं. "नको बाय, आई वरडतील तुझी." मी म्हटलं, घ्या हो. त्या प्यायल्या, पण कशा? मान मागे टाकून, वरून, ओठ न लावता.

त्या गेल्यावर मी तो पेला तीनदा घासला. ओठ लागला नव्हता तरी. रात्री झोप येईना. पोटात गोळा. आणि तो गोळा मावशींसाठी नव्हता चिऊ, मी आजीपासून काहीतरी लपवलंय याचा होता. शेवटी उठून आजीला सगळं सांगून टाकलं. तिने डोक्यावरून हात फिरवला, "खरं बोललीस, शहाणी माझी," म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की लगेच झोप लागली.

सकाळी आजी मावशींना म्हणाली, "पोरीने दिलं तरी तुम्ही घ्यायचं कशाला?"

"चुकलं बाई," मावशी म्हणाल्या. मी दारात दात घासत उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी नवा कप आला, यालाही कान नव्हता. दुकानदाराकडून तसलाच मागून आणला होता की काय कोण जाणे.

आता तुझा हक. ते पत्राचं प्रकरण पुन्हा वाच. पळून आलेला गुलाम जिम कुठे आहे हे त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला कळवणारी चिठ्ठी तो लिहितो, आणि लिहिल्यावर त्याला कसं वाटतं? पाप धुऊन निघाल्यासारखं. हलकं. माझ्यासारखंच. मग त्याला आठवतं की तराफ्यावर आपली पहाऱ्याची पाळी संपली तरी जिम त्याला उठवायचा नाही, झोपू दे पोराला म्हणून त्याचीही पाळी स्वतःच करायचा. तिथे हक चिठ्ठी फाडतो आणि म्हणतो, ठीक आहे, जाईन नरकात.

तुझ्या बाईंनी याला 'धाडस' म्हटलं असेल. असेलही. पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. आपण बरोबर वागतोय असं त्याला एकदाही वाटत नाही! गुलामाला पळायला मदत करणं ही चोरी, आणि चोर नरकात जातो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याची सदसद्विवेकबुद्धी (हा शब्द तू वाचेपर्यंत मी चहा करून आणते) मिस वॉटसनच्या बाजूने बोलते आहे. लेखकानेच, ट्वेनने, १८९५ साली वहीत टिपून ठेवलंय की या पुस्तकात निकोप काळीज आणि वाकडी झालेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि हरते ती बुद्धी. आपल्याकडे म्हणतात, "जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग." मी हे शंभरदा ऐकलंय, तुलाही ऐकवलंय. पण माझ्या मनाची लाज जनांनीच शिवून दिली होती. दहा वर्षांच्या पोरीला पेला घासायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. ते टिपण लिहिल्यावर काही महिन्यांनी, १८९६ च्या जानेवारीत, हाच ट्वेन आपल्या मुंबईत उतरला होता. वॉटसन्स हॉटेलात. (नाव बघ!) ती लोखंडी सांगाड्याची इमारत काळा घोड्याला अजून आहे. तिथे त्याच्यासमोर एका जर्मन माणसाने हॉटेलातल्या भारतीय नोकराच्या थोबाडीत मारली, आणि नोकराने ती निमूट सोसली. ट्वेनने प्रवासवर्णनात लिहिलंय की त्या क्षणी तो पन्नास वर्षं मागे, आपल्या लहानपणात गेला. त्याच्या घरीही गुलाम पोरगा होता आणि वडील त्याला असंच मारायचे. तेव्हा ते अगदी नेहमीचं, योग्यच वाटायचं, असं तो कबूल करतो. आणि मार खाणाऱ्याबद्दल वाईट वाटायचं, मारणाऱ्याची लाजही वाटायची, हेही सांगतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच पोराला.

मराठी लोकांचं असतं का हे? असतं, आणि आपल्याचकडे असतं असं नाही. पण हक छापून यायच्या अकरा वर्षं आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तिथली गुलामगिरी मोडली म्हणून. तू राहतेस त्या देशाला. त्याआधी १८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणं हा कायद्याने गुन्हा झाला. यातलं बरंचसं आजी वर्गात शिकवायची, चांगलं शिकवायची. घरी येऊन कप सुलटा व्हायची वाट बघायची.

तू तिला वाईट ठरवू नकोस असं मला म्हणायचंय, आणि लगेच वाटतं की हाच तो वकील. मावशींच्या मुलीची दहावीची फी आजीने भरली, आजारपणात दोन महिने पगार कापला नाही, हे खरं आहे. मिस वॉटसनसुद्धा मृत्युपत्रात जिमला मोकळा करते, आठवतं? हकला उपाशी ठेवणारे, मारणारे लोकच फक्त जिमच्या विरुद्ध असते तर काम सोपं होतं. त्याला जेवूखाऊ घालणारी, वाचायला शिकवणारी माणसंच त्या बाजूला होती.

पणजी 'विटाळ' म्हणायची. आजी 'स्वच्छता' म्हणते. आणि आजीच्या नव्या टॉवरमधली पाटी, 'घरकाम करणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी', त्याला सेक्रेटरी 'सिक्युरिटी' म्हणतात. गेल्या मे महिन्यात तू आत्ताच्या मावशींचा हात धरून मोठ्या लिफ्टमध्ये शिरलीस, वॉचमन काहीतरी बोलला, आणि मी तुला म्हटलं, "चल बाहेर, उगाच तमाशा नको." मावशी आधीच बाहेर पडल्या होत्या. तुझा तिसरा प्रश्न त्याबद्दल होता, कपाबद्दल नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. उत्तर असं की मला लाज वाटली. कुणाची, ते तुला आता वेगळं सांगायला नको.

तू विचारल्यावर काल रात्री मी ठाण्याला फोन लावला. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, आई, तो मावशींचा कप काढून टाक ना आता, आपल्यातलाच दे. आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अगं, मी कुठे काय म्हणते? त्यांनाच तो बरा वाटतो."

मी "बरं" म्हटलं, आणि आंब्याची पेटी आली का ते विचारलं.

तुझी,
आई