आवाज, ब्रॉडबँड आणि टीव्ही एकाच जाळ्यावर आल्यावर व्यवस्थापनाची सुरुवात कुठून करावी

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्या कंपनीत लँडलाइन, मोबाइलवरचा आवाज, ब्रॉडबँड आणि टीव्ही या चारही सेवा आता एकाच आयपी कोअरवरून, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या मधल्या मुख्य जाळ्यावरून, जातात. देखरेखीची सॉफ्टवेअरे मात्र उपकरणे पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीची वेगळी आहेत, आणि नियंत्रण कक्षात चार गट चार पडद्यांपुढे बसतात. या सर्वांवर छत्रीसारखे एकच मोठे सॉफ्टवेअर घेण्याचा प्रस्ताव वरून आला आहे. त्याने काम भागेल का, आणि एसडीएच ट्रान्समिशनमधून, म्हणजे फायबरवर ठरावीक मार्ग जोडून देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जाळ्यातून, आलेल्या माणसाने या कामाला कुठून हात घालावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ते सॉफ्टवेअर या वर्षी घेऊ नये. कोणती सेवा कशाकशावर उभी आहे हे आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसताना चार पडद्यांवरचे अलार्म एका पडद्यावर आणले, तर गोंधळ एकत्र होतो, कमी होत नाही.

ट्रान्समिशनमध्ये आपल्याला एक चांगली सवय लागलेली असते. अलार्म येतो, त्यावरून कार्ड कळते, कार्ड बदलले की अलार्म जातो आणि सेवा सुरू होते. तिथे उपकरण आणि सेवा यांच्यात फारसे अंतर नसते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने डिसेंबर २००४ मध्ये वाय.२००१ या शिफारशीत नव्या पिढीच्या जाळ्याची व्याख्या केली, तिचा गाभाच असा आहे की सेवा देणारी कार्ये खालच्या वाहतुकीच्या तंत्रापासून स्वतंत्र असावीत. याच स्वातंत्र्यामुळे एका फायबरवर चार सेवा चालवता येतात आणि कंपनीचा खर्च वाचतो. आणि याच स्वातंत्र्यामुळे नियंत्रण कक्षातल्या (नॉकमधल्या) माणसाची पंचाईत होते, कारण ‘सेवा बिघडली’ असा अलार्म देणारे एकही उपकरण उरत नाही. प्रत्येक पेटी फक्त स्वतःपुरते खरे बोलते.

याचे एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण ते माझ्या हातून गेले आहे. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, तिथे एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून फायबरवरच्या लँडलाइनच्या तक्रारी येऊ लागल्या: बोलता बोलता फोन कटतो. तक्रारी थोड्याच होत्या आणि बहुतेक संध्याकाळच्या. लाइन तपासली की ठीक, ओएनटीवर, म्हणजे ग्राहकाच्या घरी फायबर जिथे संपते त्या पेटीवर, प्रकाशाची पातळी ठीक, कोअरमध्ये एकही लाल दिवा नाही, आणि कॉल तुटण्याचा काउंटर नेहमीच्याच आकड्यावर. तीन आठवडे ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा मारून टिकिटे बंद होत राहिली. मग तक्रार विभागातल्या एका मुलीने त्या क्रमांकांच्या कॉलच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा दिसले की तुटलेला प्रत्येक कॉल १५ मिनिटे ३२ सेकंदांच्या आसपास संपला होता.

हा आकडा पाहिल्यावर सिपची, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांची, भाषा येणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. कॉल जिवंत आहे की नाही हे तपासण्यासाठी सिपमध्ये एक घड्याळ असते. ते सहसा १८०० सेकंदांवर लावलेले असते आणि त्याच्या निम्म्या वेळेला, म्हणजे १५ मिनिटांनी, एक बाजू अपडेट हा संदेश पाठवते. उत्तर आले नाही तर तो संदेश ३२ सेकंद पुन्हा पुन्हा पाठवला जातो, आणि तरीही उत्तर नसेल तर ती बाजू रीतसर निरोप घेऊन कॉल संपवते. मधल्या एका फायरवॉलचे सॉफ्टवेअर महिन्याभरापूर्वी बदलले होते, आणि नव्या आवृत्तीत अपडेट हा संदेश मुकाट्याने गिळला जात होता. कॉल रीतसर निरोप घेऊन संपत असल्यामुळे काउंटरच्या लेखी तो ग्राहकाने स्वतः ठेवलेला फोन होता. बहुतेक लोकांचे बोलणे दोन-चार मिनिटांत आटोपते, म्हणून तक्रारीही कमी होत्या. परदेशातल्या मुलांशी तासभर बोलणारे आईवडीलच तेवढे तक्रार करत होते. आवाजाच्या गटाचा पडदा हिरवा होता, सुरक्षा गटाचा पडदा हिरवा होता, आणि छत्री असती तर तीही हिरवीच असती.

यातून मी घेतलेला धडा कामाचा आहे म्हणून सांगतो. अलार्मची तीव्रता, म्हणजे आयटीयूच्या एक्स.७३३ या शिफारशीतली क्रिटिकल, मेजर, मायनर ही चढण, उपकरणाच्या नजरेतून ठरलेली असते. ग्राहकाच्या नजरेतून ती पुन्हा ठरवावी लागते. त्यासाठी सर्वात स्वस्त साधन म्हणजे स्वतः केलेला खोटा कॉल. प्रत्येक एक्स्चेंज इमारतीत ग्राहकासारखाच एक ओएनटी आणि एक मोबाइल ठेवा, दर काही मिनिटांनी त्यांवरून कॉल लावा, आणि त्यांतला निदान एक कॉल वीस मिनिटे चालू ठेवा. एका दिशेचा विलंब मोजा, आयटीयूच्या जी.११४ या शिफारशीत १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सर्वसाधारण बोलण्याला चालतो असे मानले आहे. या मोजणीला महागडे काही लागत नाही, पण ती कुणा एका उपकरणाची नसल्यामुळे कुठलाच गट ती आपण होऊन करत नाही.

उलट बाजूही आहे: दोन पडद्यांवरची माहिती जुळवली तर पुष्कळ फेऱ्या वाचतात. तांब्याच्या तारेच्या काळात घरची लाइट गेली तरी फोन चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून मिळायची. आता ओएनटी घरच्या विजेवर असतो, आणि पावसाळ्यात लाइट गेली की एकाच वेळी शेकडो ओएनटी दिसेनासे होतात. पण वीज जाता जाता ओएनटी ओएलटीला, म्हणजे फायबरच्या कंपनीकडच्या टोकाला असलेल्या उपकरणाला, एक शेवटचा संदेश पाठवतो. तो संदेश येऊन ओएनटी गेला असेल तर वीज गेली. तो न येता एका पीओएन पोर्टवरचे, म्हणजे ओएलटीतून निघालेल्या एकाच फायबरवरचे, सगळे एकदम गेले तर फायबर तुटले. एवढा एक नियम लिहून ठेवला नाही, तर भर पावसात फायबर जोडणारी (स्प्लायसिंगची) गाडी निघते आणि तिथे पोहोचल्यावर कळते की महावितरणचा फीडर बंद आहे. हा नियम लिहायला दोन दिवस लागतात, आणि त्यासाठीही छत्री लागत नाही.

आता मूळ कामाकडे येतो, म्हणजे कोणती सेवा कशावर उभी आहे याच्या नोंदवहीकडे. इन्व्हेंटरी हा शब्द ऐकला की लोक जांभई देतात, पण माझ्या अनुभवात एकत्रित जाळ्याचे निम्मे व्यवस्थापन तिथेच जिंकले किंवा हरले जाते. कागदावर आपल्याकडे रिंग असते: एक बाजू तुटली की दुसरीकडून वाहतूक जाईल. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या केबल कुठेतरी एकाच पुलावरून गेलेल्या असतात, किंवा रस्ता रुंदीकरणाच्या वेळी घाईत एकाच चरात टाकलेल्या असतात, आणि जेसीबीचा एक घास दोन्ही घेऊन जातो. एसडीएचच्या काळात यात आवाजाचे काही मार्ग जात. आज त्याच चरात त्या तालुक्याचा आवाज, इंटरनेट, बँकेची शाखा, एटीएम आणि मोबाइलचे टॉवर असे सगळे असते. म्हणून नोंदवहीत उपकरण, पोर्ट आणि लॅम्डा (फायबरमधली प्रकाशाची तरंगलांबी) यांबरोबर चर, पूल, डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि एसीचे युनिट यांनाही जागा द्या. त्यातही नोंदवही ऑफिसात बसून भरू नका. जुन्या लाइनमनला गाडीत घेऊन मार्गावरून एकदा फिरा. त्याच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशात, नाही.

सगळे एकत्र असण्याची खरी किंमत मोठ्या बिघाडात कळते. जपानमध्ये २ जुलै २०२२ च्या पहाटे केडीडीआय या कंपनीने देखभालीत एक राउटर बदलला. मार्गाची नोंद चुकली आणि आवाजाच्या वाहतुकीचा काही भाग सुमारे पंधरा मिनिटे थांबला. चूक लगेच लक्षात आली आणि बदल मागे घेतला गेला. एसडीएचमध्ये गोष्ट इथेच संपली असती. पण व्होल्टीचा, म्हणजे फोर-जीवरून आवाज नेणारा, फोन दर ठरावीक वेळाने आपली नोंदणी नव्याने करतो. ज्यांना ती करता आली नव्हती ते सगळे फोन एकदम दारात आले. व्होल्टीची केंद्रे त्या गर्दीखाली दबली, ग्राहकांच्या माहितीच्या डेटाबेसमध्ये नोंदी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, आणि न जुळलेल्या नोंदींमुळे आणखी संदेश निर्माण होत राहिले. पंधरा मिनिटांच्या चुकीने सेवा ६१ तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली. हवामान निरीक्षणाच्या माहितीपासून बँकेच्या एटीएमपर्यंत त्याची झळ पोहोचली.

आपल्याकडे जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली ती फक्त फोर-जीवर. आवाजासाठी खाली टू-जीचा आधार नसलेले ते जाळे होते. तेव्हापासून आपल्या देशातही हा धोका पुस्तकी राहिलेला नाही. म्हणून आपल्या आयएमएसच्या, म्हणजे आयपीवरून आवाजाचे कॉल जोडणाऱ्या यंत्रणेच्या, माणसांना एकच प्रश्न विचारा: सगळे ग्राहक एकाच क्षणी परत आले, तर तुमचे केंद्र सेकंदाला किती नोंदण्या घेते, आणि त्या हिशेबाने शेवटच्या ग्राहकाचा नंबर किती वेळाने लागतो? उत्तर मिनिटांत आले पाहिजे. ‘बघून सांगतो’ असे उत्तर आले, तर नोंदणीवर गाळणी बसवण्याचे काम छत्रीच्या कितीतरी आधी करायला हवे.

दुसरे उदाहरण कॅनडातले, त्यानंतर सहाच दिवसांनी घडलेले. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या कंपनीत कोअरच्या अद्ययावतीकरणाचा सातपैकी सहावा टप्पा चालू होता. एका राउटरवरची मार्ग गाळणारी चाळणी काढली गेली, मार्गांचा लोंढा कोअरमध्ये घुसला आणि मोबाइल व घरगुती अशा दोन्ही सेवा एकाच कोअरवर असल्यामुळे एकदम बंद पडल्या. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक त्यात सापडले. देशभरातली डेबिट कार्डांची देवघेव अडली. टॉवर मात्र जिवंत होते, त्यामुळे अनेक फोन आपल्याच मेलेल्या जाळ्याला चिकटून राहिले आणि आपत्कालीन कॉलसाठीही दुसऱ्या कंपनीकडे गेले नाहीत. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून या बदलाची जोखीम ‘जास्त’वरून ‘कमी’वर आणली गेली होती, हेही चौकशीत पुढे आले. आपल्याकडच्या बदल-मंजुरीच्या बैठकीत हे वाक्य वाचून दाखवण्याजोगे आहे.

पण माझ्या दृष्टीने त्या चौकशीतली सर्वात बोचरी बाब वेगळी आहे. दुरुस्तीसाठी राउटरपर्यंत पोहोचण्याची वाट त्याच कोअरवरून जात होती. ज्यांनी दुरुस्त करायचे त्यांचे फोनही त्याच जाळ्यावर होते. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावे, तसे झाले.

हे टाळणे अवघड नाही, फक्त कंटाळवाणे आहे. प्रत्येक कोअर ठिकाणी कन्सोल सर्व्हर (जाळे बंद असतानाही राउटरपर्यंत पोहोचवणारी पेटी) आणि त्याला दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरची स्वतंत्र वाट द्या. ड्युटीवरच्या माणसांना दुसऱ्या कंपनीचे सिम द्या, आणि ते महिन्यातून एकदा खरोखर वापरून पाहा, कारण रिचार्ज न केलेले सिम ड्रॉवरमध्ये असून नसल्यासारखेच असते. लॉगिन तपासणारा सर्व्हर पोहोचेनासा झाला तर राउटरवरचे स्थानिक खाते चालते का, तेही पाहा. आणि बदल नेटकॉन्फने, म्हणजे राउटरची मांडणी दुरून बदलण्याच्या प्रमाणित पद्धतीने, करता येत असतील, तर पुष्टी मागणाऱ्या कमिटची सवय लावा: बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळेत, म्हणजे वेगळे काही सांगितले नसेल तर ६०० सेकंदांत, आपण पुष्टी दिली नाही तर राउटर आपोआप जुन्या स्थितीत जातो. स्वतःची फांदी कापली तरी दहा मिनिटांत ती परत जोडली जाते.

गटांबद्दल थोडक्यात. चार गट मोडून एक करू नका. ट्रान्समिशनचे ज्ञान आणि आयएमएसचे ज्ञान एका डोक्यात क्वचितच मावते. फक्त ग्राहकाच्या टिकिटाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एक मालक ठेवा, ज्याला ‘माझ्या बाजूने ठीक आहे’ असे म्हणून ते पुढे ढकलता येणार नाही. आपल्या कोअरची कार्ये आभासी यंत्रांवर गेली असतील तर पाचवा गट, सर्व्हरवाल्यांचा, टेबलावर आणा. तिथे एक सर्व्हर रात्रीत पॅच केला गेला की सकाळी आवाजाच्या गटाला कारण सापडत नाही.

सुरुवात म्हणून एकच ओएलटी निवडा, शक्यतो जिथून तक्रारी जास्त येतात तो. त्याच्यावरचा एक ग्राहक घ्या आणि त्याचा लँडलाइनचा कॉल, त्याचा टीव्हीचा एक चॅनल आणि त्याचे इंटरनेट अशा तीन वाटा घरापासून कोअरपर्यंत एका मोठ्या कागदावर काढा: पोर्ट, चर, राउटर, फायरवॉल, डेटाबेस, वीज. प्रत्येक रकान्यापुढे त्याची माहिती कोणत्या गटाने दिली ते लिहा. दोन गटांनी एकाच रकान्यात दोन वेगळी उत्तरे दिली, की तिथे लाल खूण करून प्रत्यक्ष जाऊन पाहा. आमच्या पहिल्या कागदावर अशा अकरा खुणा झाल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत जो स्विच दोन्ही गटांनी आपापल्या नकाशावर दाखवला होता, तो दोन वर्षांपूर्वीच काढून गोदामात ठेवलेला निघाला.